डेव्हिड ग्रशची साक्ष: शपथेवर सांगितलेल्या ऐकीव गोष्टीचं मोल किती?

अक्षांश१९ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस आमच्या घरी जेवणाच्या ताटावर एकच वाद चालू आहे, तो इथे आणतोय.

मुलगी दहावीत आहे. तिने २६ जुलै २०२३ ची अमेरिकी संसदेतली सुनावणी पूर्ण पाहिली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेव्हिड ग्रश हा अमेरिकी हवाई दलाचा माजी अधिकारी. हेरगिरीचे उपग्रह सांभाळणाऱ्या नॅशनल रिकॉनिसन्स ऑफिसच्या वतीने २०१९ ते २०२१ या काळात तो अज्ञात हवाई वस्तूंचा अभ्यास करणाऱ्या सरकारी गटात होता. जून २०२३ मध्ये तो उघडपणे बोलला. अमेरिकी सरकारकडे माणसाने न बनवलेली याने आहेत, ती पडलेल्या ठिकाणाहून उचलून आणायची आणि उलगडून त्यांचं तंत्र शिकायचं असा कार्यक्रम कित्येक दशकं गुपचूप चालला आहे, आणि तो संसदेपासूनही लपवला आहे, असं त्याचं म्हणणं. सुनावणीत नॅन्सी मेस यांनी यानांच्या चालकांबद्दल विचारलं, तेव्हा काही ठिकाणी 'मानवेतर जैविक अवशेष' मिळाले असं त्याने सांगितलं. पण ते त्याने स्वतः पाहिलेले नाहीत. चार वर्षांत ४० हून जास्त लोकांशी बोललो आणि त्यांनी मला हे सांगितलं, असं तो म्हणतो.

लेकीचा प्रश्न साधा आहे. "बाबा, तो शपथेवर बोललाय. खोटं बोलला तर तुरुंगात जाईल. मग खोटं कशाला बोलेल?"

मला तिला पटेल असं उत्तर देता आलं नाही. माझ्यापुरतं मी इतकंच ठरवलंय की ग्रशचे दावे दोन आहेत आणि ते वेगवेगळे धरायला हवेत. संसदेला न सांगता गुप्त कार्यक्रमांवर पैसा खर्च होतो, हा एक. त्या कार्यक्रमांत परक्यांची याने आहेत, हा दुसरा. पहिला मला शक्य वाटतो. दुसऱ्यासाठी अजून काहीच हातात आलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

तांबडा_मंगळ

चांगला विषय. पण सगळे ग्रशवरच का तुटून पडतात? त्याच बाकावर डेव्हिड फ्रेव्हर बसला होता, आणि त्याचं तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे! १४ नोव्हेंबर २००४, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यापलीकडचा समुद्र. निमित्झ या विमानवाहू नौकेवरच्या तुकडीचा तो प्रमुख. प्रिन्स्टन या युद्धनौकेच्या रडारवर काहीतरी दिसत होतं, म्हणून सरावातली दोन विमानं तिकडे वळवली. खाली पाणी खवळलेलं आणि त्यावर साधारण ४० फुटांची, पांढरी, गोळीच्या आकाराची वस्तू. पंख नाहीत, धूर नाही. हा खाली जाऊ लागला तशी ती वर येऊ लागली आणि मग क्षणात नाहीशी झाली. दोन विमानांत मिळून चार माणसं होती.

त्याच दिवशी दुसऱ्या विमानातून घेतलेलं चित्रण पेंटागॉनने २७ एप्रिल २०२० ला अधिकृतपणे खुलं केलं. ग्रशला ऐकीव म्हणून बाजूला ठेवा, पण फ्रेव्हरचं काय करणार?

दिवाणी_फौजदारी

कोर्टात उभं आयुष्य गेलं, म्हणून अक्षांशरावांच्या कन्येला उत्तर द्यायचा मोह आवरत नाही.

आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम ६० सांगतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहणाऱ्याने बोलावं, ऐकलेल्याबद्दल ऐकणाऱ्याने. नवा साक्ष अधिनियम आला तरी हे तत्त्व तसंच आहे. "मला रामभाऊंनी सांगितलं की त्यांनी खून पाहिला" हे वाक्य शंभर टक्के खरं असू शकतं. रामभाऊंनी खरंच तसं सांगितलेलं असू शकतं. पण त्याने खून सिद्ध होत नाही, रामभाऊंना पिंजऱ्यात आणावं लागतं.

ग्रशची शपथ इथपर्यंतच पोचते. "मला अमुक लोकांनी असं सांगितलं" हे खोटं असेल तर तो गुन्हेगार. सांगणाऱ्यांची चूक झाली असेल, तर ग्रश प्रामाणिकही आणि चुकीचाही. माणूस खोटं बोलत नाही म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, हे मी पक्षकारांना तीस वर्षं समजावतोय.

तांबडा_मंगळ, फ्रेव्हर हा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे, मान्य. पण त्याने "काहीतरी पाहिलं" असं सांगितलं. ते तळावर कुठे ठेवलंय, कुणी उघडून पाहिलं, हे त्याच्या साक्षीत नाही. एका साक्षीची भोकं दुसऱ्या साक्षीने बुजवू नयेत.

मीनाक्षी_त

रामभाऊंचं उदाहरण भारी. वाचनखूण साठवली आहे.

हिशेबनीस

मी सरकारी लेखापरीक्षणातून निवृत्त झालो. माझं मन ग्रशच्या पहिल्या दाव्यापाशीच अडकलं आहे आणि या धाग्यावर तोच हरवू नये असं मनापासून वाटतं.

अमेरिकेत काही संरक्षण प्रकल्प असे असतात की त्यांचं अस्तित्वच सरकार कबूल करत नाही. त्यातल्याही सर्वांत गुप्त प्रकल्पांची माहिती संबंधित समित्यांच्या मोजक्या पुढाऱ्यांना तोंडी दिली जाते. पेंटागॉनचं पहिलं पूर्ण लेखापरीक्षण २०१८ मध्ये झालं, आणि तेव्हापासून एकाही वर्षी त्यांचा ताळेबंद स्वच्छ निघालेला नाही. मी साध्या खात्यांचे हिशेब तपासले आहेत. एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाच्या नावाखाली गेला की तो शोधताना काय दमछाक होते हे मला ठाऊक आहे. तिथे तर कागद बघायचीच परवानगी नाही.

ग्रश आधी वर्तमानपत्रांकडे गेला नाही. तो कायद्याने आखलेल्या रस्त्याने गुप्तचर खात्यांच्या महानिरीक्षकांकडे गेला. त्याचा वकील चार्ल्स मॅककलो, जो स्वतः त्या पदावरचा पहिला माणूस होता. तक्रार केल्यावर आपल्याला त्रास दिला गेला, असं ग्रशने सांगितलं आहे. मराठीत अशा माणसाला जागल्या म्हणतात, आणि जागल्याची तक्रार परग्रहवासी या एका शब्दामुळे हसण्यावारी जावी हे मला फार लागतं. यान नसेलही. पैसा कुठे जातो हा प्रश्न तरीही उरतोच.

ऑरेंजसिटी

हिशेबनीस काका, मुद्दा पटला. आता माझं ऐका. आकाशातून पडलेली वस्तू मी जवळजवळ पाहिलेली आहे!

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही नागपुरात गच्चीवर होतो. एकदम आकाशात आगीच्या रेघा, एकामागून एक, हळूहळू सरकत गेल्या. उल्का कशी झटकन जाते, ही तशी नव्हती. आई हात जोडून उभी राहिली. शेजारचे काका म्हणाले विमान पेटलं. लहान पोरं म्हणाली एलियन आले.

थोड्या वेळाने कळलं की चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूचं एक मोठं कडं पडलं. जवळपास तीन मीटर व्यासाचं. आजूबाजूच्या शिवारात धातूचे गोळेपण सापडले. पोलिसांनी उचलून ठाण्यात ठेवलं आणि पुढे इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. जाणकारांनी हिशोब लावला की फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा.

माझा प्रश्न असा. एका खेड्यात कडं पडलं तर रात्रीच्या आत त्याचे फोटो साऱ्या विदर्भाच्या मोबाईलवर होते. पोलीस यायच्या आधी गाव जमलं होतं. मग ग्रश म्हणतो तशी अनेक याने पडली आणि एकाही गावकऱ्याकडे एकही फोटो नाही, हे कसं?

चावडीवरचा_गण्या

एक शंका. परग्रहावरचं यान माझ्या शेतात पडलं तर सात-बारावर इतर हक्कांत नोंद कुणाची लागेल? तलाठी काय लिहील?

दिवाणी_फौजदारी

गण्या, तू गमतीत विचारलंस पण प्रश्न पक्का आहे. माणसाने सोडलेली वस्तू असेल तर १९६७ च्या अंतराळ करारानुसार ती खाली पडल्यावरही सोडणाऱ्या देशाच्याच मालकीची. म्हणजे लाडबोरीचं कडं कायद्याने चीनचं, आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं असतं तर १९७२ च्या करारानुसार भरपाईही चीनने द्यायची.

परक्यांच्या यानाबद्दल मात्र एकदा खरोखर कायदा लिहिला गेला. २०२३ मध्ये सिनेटर चक शूमर आणि माइक राउंड्स या दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी एक दुरुस्ती आणली. आपल्याकडे जमीन संपादन करतात तसं, खाजगी कंपन्यांकडे अज्ञात मूळ असलेली वस्तू किंवा मानवेतर जीवाचे अवशेष असतील तर सरकारने ते सक्तीने ताब्यात घ्यावेत, असं कलम त्यात होतं. केनेडी हत्येची कागदपत्रं खुली करणाऱ्या १९९२ च्या कायद्यावरून तिचा आराखडा घेतला होता. पुढे संपादनाचं कलम आणि स्वतंत्र मंडळ दोन्ही गळाली, आणि कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागारात जमा करण्याचा भाग तेवढा राहिला.

तांबडा_मंगळ

बघा! सिनेटमधला तेव्हाचा सत्ताधारी पक्षाचा नेता असं कलम उगाच लिहील का? आणि ते गाळायला कुणी लावलं?

ऑरेंजसिटी, फोटोचं म्हणाल तर गुपितं टिकतात. अणुबाँब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रकल्पात लाखाच्या वर माणसं कामाला होती आणि उपाध्यक्ष ट्रूमनना त्याचा पत्ता नव्हता. रूझवेल्ट वारल्यावर, एप्रिल १९४५ मध्ये, अध्यक्ष झाल्यावर त्यांना सांगितलं गेलं.

खोलपाणी

मंगळराव, मॅनहॅटनचं उदाहरण उलटं पडतं. ट्रूमनना माहीत नव्हतं, पण स्टालिनला होतं. प्रकल्पातलाच शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स आतून बातम्या पुरवत होता. घरच्यांपासून लपलेलं शत्रूपासून लपलं नव्हतं.

याहून जवळचं उदाहरण देतो, कारण ते खरोखरचं 'पडलेलं यान उचलणं' आहे. १९६८ मध्ये सोव्हिएत पाणबुडी के-१२९ पॅसिफिकमध्ये बुडाली, सुमारे ५ किलोमीटर खोल. सीआयएने ती उचलायचं ठरवलं. त्यासाठी 'ग्लोमार एक्स्प्लोरर' हे प्रचंड जहाज बांधलं आणि जगाला सांगितलं की अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज समुद्रतळावरचे मँगनीजचे गोळे काढणार आहे. लोकांना ते खरं वाटलं. १९७४ मध्ये पाणबुडीचा एक भाग वर आणला. आणि १९७५ मध्ये सगळं वर्तमानपत्रांत! इतका पैसा, इतकी चोख बतावणी, आणि वर आणल्यावर वर्षभरही गुपित टिकलं नाही.

ग्रश जे सांगतो ते यापेक्षा कितीतरी पट मोठं आणि कितीतरी पट जुनं. १९३३ मध्ये मुसोलिनीच्या इटलीत पडलेलं यानही अमेरिकेने नेलं असं तो म्हणतो. नव्वद वर्षं, दोन-तीन पिढ्या कर्मचारी, मृत्युशय्येवरचे कबुलीजबाब, घटस्फोट, कंपन्यांची भांडणं, आणि बाहेर आला तो एकही स्क्रू नाही? मला नाही पटत.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितेय. आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये हे जगलो आहोत. रोज संध्याकाळी सगळी गल्ली बाहेर, माना वर. ड्रोन, ड्रोन! आमच्या मराठी ग्रुपवर दिवसाला शंभर व्हिडिओ. माझी सासू तेव्हा पुण्याहून आली होती, तिला रात्री झोप लागेना.

मग मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा बाल्कनीत फोनवर विमानांचा नकाशा उघडून बसलो. एक दिवा दिसला की नकाशावर बघायचं. सगळी न्यूअर्कला उतरणारी विमानं. समोरून येणाऱ्या विमानाचा दिवा कितीतरी मिनिटं एकाच जागी लोंबकळल्यासारखा दिसतो, हे मला इतकी वर्षं तिथे राहून माहीत नव्हतं! एक ठळक 'ड्रोन' रोज त्याच वेळी त्याच जागी यायचा, तो शुक्र निघाला. एफबीआयकडे ५,००० हून जास्त सूचना आल्या आणि त्यातल्या १०० च्या आसपासच पुढे तपासण्याजोग्या निघाल्या. जानेवारीत व्हाइट हाउसने सांगितलं की बरेचसे ड्रोन परवानगीनेच उडत होते.

पण तांबडा_मंगळ यांच्या बाजूने एक सांगते. तेव्हा सरकार महिनाभर जे मोघम बोलत होतं, त्यामुळेच लोक जास्त घाबरले. सासूबाई म्हणाल्या, "काही नाही तर नीट सांगत का नाहीत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लेहचा_वारा

शुक्रावरून आठवलं. आपल्या सैन्याने लडाखमध्ये महिनोन्महिने रात्री दिसणाऱ्या दिव्यांच्या शेकडो नोंदी केल्या होत्या. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांना विचारलं. ते दिवे गुरू आणि शुक्र निघाले. २०१३ मधली बातमी आहे. जवानांना मी मुळीच दोष देत नाही. तितक्या उंचीवर, तितक्या स्वच्छ हवेत ग्रह केवढे दिसतात ते तिथे रात्र काढलेल्यालाच कळेल. मला तर ते सैन्याचं मोठेपण वाटतं की त्यांनी नोंदी ठेवल्या आणि माहीत असणाऱ्याला जाऊन विचारलं.

तबकडीप्रेमी

थोडं अवांतर. 'उडती तबकडी' हा शब्दच एका गैरसमजातून आला. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली तर ती टप्पे घेत जाते तशा त्या चालल्या होत्या, असं तो म्हणाला. त्याने चालीचं वर्णन केलं आणि वर्तमानपत्रांनी आकार छापला. त्यानंतर लोकांना बशाच दिसू लागल्या! दोन आठवड्यांत रॉसवेल झालं, म्हणजे त्या अमेरिकी गावाजवळ तबकडीचे अवशेष सापडल्याची बातमी आली. अण्वस्त्रचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी सोडलेल्या 'मोगल' प्रकल्पाच्या फुग्यांचे ते अवशेष होते, हे हवाई दलाने १९९४ मध्ये सांगितलं.

तांबडा_मंगळ

तबकडीप्रेमी, तुमच्याच प्रतिसादात माझा मुद्दा आहे. १९४७ मध्ये त्यांनी सांगितलं 'हवामानाचा फुगा'. खरं काय ते ४७ वर्षांनी सांगितलं. म्हणजे खोटं सांगितलं होतंच ना?

यू-२ या हेरगिरीच्या विमानाचं तेच. १९५५ पासून नेवाडात ६० हजार फुटांवर उडवत होते, खालून चमकणारं काहीतरी दिसलं अशा तक्रारी यायच्या, आणि खरं कारण माहीत असूनही लोकांना ढग-तापमानाची कारणं द्यायचे. जून २०२५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की १९८० च्या दशकात हवाई दलाच्या एका कर्नलने एरिया ५१ या गुप्त हवाई तळाजवळच्या बारमालकाला तबकड्यांचे बनावट फोटो नेऊन दिले, खऱ्या विमानांवरून लक्ष हटावं म्हणून. आणि आता पेंटागॉनच्याच पोटातली चौकशी शाखा मार्च २०२४ मध्ये अहवाल देते की परग्रहावरचं काही सापडलं नाही, आणि आपण मान डोलवायची? चोरी झाली का हे चोरालाच विचारायचं?

खोलपाणी

राग समजतो, आणि अर्धा मलाही येतो. पण तुमच्या तिन्ही उदाहरणांत लपवलेली वस्तू माणसाचीच निघाली. फुगा, विमान, विमान. तबकडीची अफवा सरकारच्या सोयीची होती. मग ग्रशला ४० जणांनी जे सांगितलं, त्यातले किती जण अशाच जुन्या पेरलेल्या अफवांवर वाढलेले असतील? त्या अहवालाचं मुख्य म्हणणं हेच आहे की तीच ती मंडळी एकमेकांना तेच ते सांगत राहिली. अहवाल सोडा, धातूचा तुकडा घ्या. १९४७ च्या यानाचा म्हणून मिरवला गेलेला मॅग्नेशियमचा तुकडा ओक रिज प्रयोगशाळेत तपासला. पृथ्वीवरचाच निघाला.

शुक्लपक्ष

इतक्या चर्चेत आपल्या नारळीकर सरांची आठवण कुणी काढली नाही म्हणून लिहिते. पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीचा शोध आपल्या माणसांनीही घेतला आहे, आणि तो किती निगुतीने! २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये हैदराबादहून मोठा फुगा सोडला. निर्जंतुक केलेल्या नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. दुसऱ्या वेळचे नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस अशा दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासले. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला आर्यभटाचं, एकीला इस्रोचं आणि एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं.

आणि २००९ मध्ये जाहीर करताना इस्रोने स्वतःहून सांगितलं की यावरून हे जिवाणू पृथ्वीबाहेरूनच आले असं ठामपणे म्हणता येत नाही. नारळीकर सरांना तर जीवाची बीजं अंतराळातून येतात ही कल्पना मनापासून आवडायची. आयुष्यभर जे खरं निघावं असं वाटलं, त्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन "अजून सिद्ध नाही" म्हणायला काय लागत असेल! २० मे २०२५ ला सर गेले त्या दिवशी मी आयुकाच्या फाटकापाशी बराच वेळ उभी होते.

ग्रशचा मला राग नाही. मला त्याच्याकडून नळ्या हव्या आहेत.

हिशेबनीस

शुक्लपक्ष ताई, डोळे भरून आले. पण एक म्हणू? नळ्या ग्रशच्या हातात नाहीत. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे मागा. त्याने सुनावणीत बऱ्याच प्रश्नांना "बंद खोलीत सांगेन" असं उत्तर दिलं. लोकांनी त्याला पळवाट म्हटलं. गुप्ततेची शपथ घेतलेला कर्मचारी दुसरं काय म्हणणार? उघडपणे बोलला तर खरंच तुरुंगात जाईल. म्हणून माझं म्हणणं तेच राहील. त्याने दिलेली नावं आणि जागा महानिरीक्षकांकडे आहेत असं तो सांगतो, तर संसदेने जाऊन ती कपाटं उघडावीत. रिकामी निघाली तरी हिशेब तर लागेल.

दिवाणी_फौजदारी

हिशेबनीस यांच्याशी पूर्ण सहमत. रामभाऊंना बोलवा.

अक्षांश१९ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला धागा वाचायला दिला. तिने रामभाऊंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाली, "म्हणजे तो खरा असेल आणि यान नसेल, असंही होऊ शकतं?" मी हो म्हटलं. मग तिने वहीत दोन रकाने आखले: 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. फ्रेव्हर पहिल्यात, ग्रश दुसऱ्यात. मुसोलिनीचं यानही दुसऱ्यात. तांबडा_मंगळ, तुमचा चोराला विचारण्याचा मुद्दा तिने समासात लिहून त्यावर चौकट केली आहे. त्याचं उत्तर तिला अजून मिळालेलं नाही, मलाही नाही.

ऑरेंजसिटी यांचं नाव पहिल्या रकान्यात घातलं आहे, पण पुढे प्रश्नचिन्ह आहे. पाडव्याच्या त्या रेघांचा फोटो आहे का, असं ती विचारतेय. तारीख-वेळ दिसेल असा.

ऑरेंजसिटी

आहे ना! जुन्या मोबाईलमध्ये आहे, त्याची बॅटरी गेली आहे. रविवारी दुरुस्त करून आणतो. थोडा हललेला आहे, आईचा हात मध्ये आलाय, पण खाली गुढी आणि वर रेघा दोन्ही दिसतात. मुलीला सांगा, प्रश्नचिन्ह रविवारपर्यंत राहू दे.